ब्रेकमध्ये जळणारे पेट्रोल

ई-२० पेट्रोल पंपापंपावर मिळू लागल्यापासून मोटारमालकांची एक तक्रार सतत कानावर येते: गाडीचे ॲव्हरेज पडले. तक्रार खोटी नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे ई-२० प्रमाणे पाचवा हिस्सा इथेनॉल मिसळले की सहा-सात टक्क्यांची घट कागदावरच दिसते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी हाच आकडा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई-२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि बाकीच्यांत ३ ते ६ टक्के घट मान्य केली. ऊर्जा कमी आणि दर मात्र शंभरीपार, यावर ग्राहकाने आवाज उठवणे रास्तच आहे. पण तीच गाडी, तोच रस्ता आणि तेच पेट्रोल असताना नुसता चालवणारा बदलला, तर ॲव्हरेजमध्ये याहून कितीतरी मोठा फरक पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार दणकून ॲक्सिलरेटर आणि करकचून ब्रेक अशा चालवण्याने महामार्गावर १५ ते ३० टक्के, तर थांबत-थांबत सरकणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज घटते. इथेनॉलच्या सहा टक्क्यांसाठी मंत्र्यांना जाब विचारणारे आपण स्वतःच्या पायाच्या वीस टक्क्यांबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही.

ॲक्सिलरेटर हळू दाबा, असा सल्ला या बाबतीत सगळेच देतात. तो चूक नाही, पण अर्धवट आहे, कारण पेट्रोल वाया जाते ते मुख्यतः शेजारच्या पेडलखाली. तीन-चार माणसे बसलेली साधी हॅचबॅक साधारण १३०० किलोंची धरू. ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठताना तिच्यात सुमारे १८० किलोज्यूल गतिज ऊर्जा साठते. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, हे लक्षात घेतले तर एवढी ऊर्जा उभी करायला वीस-बावीस मिलिलिटर पेट्रोल लागते; खोकल्याच्या औषधाचे चार चमचे म्हणा. ब्रेक दाबून गाडी उभी केली की ते चारही चमचे ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जातात आणि त्यातला थेंबही परत मिळत नाही. किंमत दोन रुपयांच्या थोडी वर. रक्कम किरकोळ वाटेल, पण तेवढ्याच ऊर्जेत हीच गाडी टायरांचे घर्षण सोसत सपाट रस्त्यावर किलोमीटरभराहून जास्त पुढे गेली असती. आता दहा किलोमीटरचा कचेरीचा रस्ता घ्या. त्यात तीस वेळा ताशी ४० वरून शून्यावर यावे लागले, तर दर खेपेला दोन चमचे, म्हणजे एकूण पाव लिटरहून अधिक पेट्रोल निव्वळ थांबण्यात गेले. बाराचे ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला एवढ्या अंतरासाठी जेमतेम आठशे-साडेआठशे मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे तिसरा हिस्सा ब्रेकने खाल्ला.

यातले प्रत्येक थांबणे टाळता येणार नाही हे उघड आहे. पण वेगाचा आणि ऊर्जेचा संबंध सरळ नसून वर्गाचा आहे, आणि तिथेच चालवणाऱ्याला वाव मिळतो. दोन सिग्नलमधले अंतर अर्धा किलोमीटर असेल, तर ताशी ४० ने गेल्यास ते पाऊण मिनिटात संपते आणि ६० ने गेल्यास अर्ध्या मिनिटात. पुढचा दिवा लाल असेल तर साठवाला तिथे पंधरा सेकंद आधी पोहोचतो आणि पंधरा सेकंद जास्त उभा राहतो. दोघेही हिरव्यावर एकदमच सुटतात. फरक एवढाच की साठवाल्याने सव्वादोन पट ऊर्जा उभी करून ती सगळी ब्रेकमध्ये ओतली. याउलट ज्याला दूरवरचा लाल दिवा दिसला, त्याच्यावरचे उलटे मोजणारे आकडे दिसले आणि ज्याने तिथेच पाय उचलला, त्याची गाडी साठलेल्या गतीवर सरकत राहते. ती सिग्नलला पोहोचेपर्यंत दिवा हिरवा झाला आणि तिचा वेग ताशी २० उरला असला, तरी पहिल्या गिअरपासूनची सगळी चढाई वाचते. म्हणून काटकसरीने गाडी चालवण्याचा खरा संबंध पायापेक्षा नजरेशी आहे. पुढच्या गाडीच्या डिकीवर डोळे लावून चालवणाऱ्याला त्या गाडीचे ब्रेकलाइट लागतात तेव्हा कळते. तिच्या पलीकडच्या चार गाड्या पाहणाऱ्याला पाच सेकंद आधी कळलेले असते. त्या पाच सेकंदांतच पेट्रोल वाचते.

हळुवार म्हणजे संथ, असा समज करून घेऊन लोक हा विषयच बाजूला सारतात. तो समज चुकीचा आहे. पेट्रोल इंजिन फार कमी भारावर अकार्यक्षम असते, कारण अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यातच त्याची शक्ती जाते. दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत, इंजिन घुमवत नेलेली गाडी म्हणूनच जास्त पिते. मध्यम जोराने वेग घ्यायचा, चढा गिअर लवकर टाकायचा आणि हवा तो वेग मिळाला की पाय हलका ठेवायचा, हे जास्त किफायतशीर. मागच्याने हॉर्न वाजवावा असे यात काही नाही. मात्र चढावर चौथ्या-पाचव्यात इंजिन गुदमरेपर्यंत गाडी ओढणे हेही काटकसरीचे सोंगच. गिअर उतरवायला पेट्रोल लागते या भीतीपोटी इंजिनाचे हाल करणारे पुष्कळ आहेत. मोठ्या ट्रकच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने वारा चुकवणे वगैरे परदेशी हौशी मंडळींच्या करामतींचा इथे विचारही नको.

दुसरा समज याहून जुना आणि याहून घातक आहे: उतारावर न्यूट्रल. उस्तादाने शागिर्दाला दिलेला हा मंत्र एके काळी खराही होता. कार्ब्युरेटरच्या गाडीत गिअर असो वा नसो, इंजिन फिरेल तसे पेट्रोल ओढले जायचे, म्हणून इंजिन कमी फिरवणे फायद्याचे होते. पण गेल्या वीसेक वर्षांत विकली गेलेली जवळपास प्रत्येक मोटार फ्युएल इंजेक्शनची आहे. गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला, की तिचा संगणक इंजेक्टर बंदच करतो. चाकेच इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे फेरे आयडलिंगच्या जवळ येईपर्यंत इंधन लागतच नाही. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःच्या जिवावर जिवंत राहायचे असते, म्हणून ते आयडलिंगचे पेट्रोल पीत राहते. म्हणजे बोरघाट किंवा कसारा न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस वाचवतो आहे असे समजून उलट खर्च करत असतो. शिवाय इंजिनाचा रोध गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. तापलेले ब्रेक ऐन वळणावर सोडून देतात, आणि एक्स्प्रेसवेच्या घाटात ‘ब्रेक निकामी होऊन’ झालेल्या अपघातांच्या बातम्यांमागे अवजड वाहन डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरत होते, असे महामार्ग पोलिसांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही जाते. कायदा बाजूला ठेवला तरी निव्वळ पेट्रोलच्या हिशेबानेही हा मंत्र आता बाद आहे.

महामार्गावर गणित बदलते. तिथे ब्रेक क्वचित लागतो आणि शत्रू असतो वारा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० वरून १२० वर गेले की तो सव्वादोन पट होतो. टायरांचे घर्षण मात्र फारसे वाढत नाही. दोन्ही मिळून पाहिले तर साध्या मोटारीला १२० वर प्रत्येक किलोमीटरमागे ८० च्या तुलनेत दीडपटीहून जास्त काम करावे लागते. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था वर्षानुवर्षे ४५ ते ५५ च्या वेगाचा सल्ला देत आली आहे. शहराबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर तो ठीक असेल, पण एक्स्प्रेसवेच्या मधल्या लेनमध्ये ५० ने जाणारी मोटार स्वतःला आणि इतरांनाही धोक्यात घालते. सल्ला अव्यवहार्य असला की लोक त्याच्यासोबत त्यातले तथ्यही फेकून देतात. व्यवहार्य तुलना ८० आणि १०० ची आहे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, घाटातली कमी मर्यादा हिशेबात न धरता, १०० ने ५७ मिनिटांत आणि ८० ने ७१ मिनिटांत संपतो. वाचली चौदा मिनिटे, जाळले सव्वा लिटरच्या आसपास जास्त पेट्रोल. ती चौदा मिनिटे पुढे वाशीच्या किंवा वाकडच्या कोंडीत टिकतात का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वेळेला किंमत नाही का, हा आक्षेप इथे खरोखर विचार करण्यासारखा आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि मोटारींना तिथे १२० ची परवानगी आहे. सलग तोच वेग राहिला असे धरले, तर १२० ने पावणेसहा-सहा तास आणि १०० ने सात तास. सत्तर मिनिटे वाचवण्यासाठी दहा-अकरा लिटर जादा, म्हणजे हजार रुपयांच्या वर. गाडीत चौघे असतील आणि प्रत्येकाच्या तासाला मोल असेल, तर हा सौदा वाईट म्हणता येत नाही. टायरांची हालत आणि चालकाचा शीण हे वेगळे प्रश्न आहेत, आणि त्या रस्त्यावर ते पेट्रोलहून मोठे आहेत. थोडक्यात, महामार्गावर पेट्रोलच्या बदल्यात वेळ मिळतो. शहरात मात्र पेट्रोल देऊन काहीच मिळत नाही. पुढच्या सिग्नलला सगळे पुन्हा एकत्र. म्हणून लांबच्या प्रवासात वेगाने जाणाऱ्याला दोष देण्याआधी शहरात दोन सिग्नलच्या मध्ये शर्यत लावणाऱ्याला विचारले पाहिजे की त्याच्या हाती नक्की काय लागले.

शहरातल्या चालकाकडे याचे उत्तर तयार असते: पुण्यात किंवा ठाण्यात पुढे अंतर सोडून बघा, दोन दुचाक्या आणि एक रिक्षा त्यात शिरलीच म्हणून समजा. हे खरे आहे. पण शिरली म्हणजे आपले गेले काय? एक वाहन पुढे घुसले की आपण दोन-तीन सेकंदांनी मागे पडतो. कचेरीला जाईपर्यंत दहा जण घुसले तरी अर्धे मिनिट. यात जखम होते ती अभिमानाला, आणि ती झाकण्यासाठी आपण पुढच्याच्या बंपरला बंपर लावून दर वीस मीटरवर ब्रेक दाबतो. अंतर ठेवणाऱ्याला पुढची गाडी जरा थबकली म्हणून थांबावे लागत नाही. तो नुसता सरकतो. दाट कोंडीत, जिथे वेग दहाच्या वर जातच नाही, तिथे हेही फारसे चालत नाही. तिथला खर्च आयडलिंगचा असतो, लहान इंजिनालाही तासाला अर्धा ते पाऊण लिटर आणि एसी चालू असेल तर आणखी. दीड मिनिटाच्या सिग्नलला इंजिन बंद करणे एवढाच तिथला उपाय. उन्हाळ्यात मुले मागे बसलेली असताना तोही कोणी करणार नाही आणि त्याबद्दल कोणाला बोल लावता येत नाही.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा, आणि त्यात चालकापेक्षा पालिकेची बाजू लंगडी आहे. खड्डा चुकवायला मारलेला ब्रेक चालकाच्या सवयीचा नसतो. गतिरोधकाचे तर स्वतंत्र अर्थशास्त्र आहे. भरधाव रस्त्यावर कोण्या नगरसेवकाच्या कृपेने रातोरात उगवलेल्या, रंग नाही की फलक नाही अशा उंचवट्यावर प्रत्येक मोटार ४० वरून जवळपास शून्यावर येते. दिवसाला पाच हजार मोटारी धरल्या, तर वर काढलेल्या दहा मिलिलिटरच्या हिशेबाने तो एक उंचवटा रोज पन्नासएक लिटर पेट्रोल पितो. बस आणि ट्रक वेगळे. शाळेसमोर तो हवाच, तिथे मुलाच्या जिवापुढे पन्नास लिटर काहीच नाहीत. पण नियमाबाहेरच्या प्रत्येक उंचवट्याचे आणि एकमेकांशी मेळ नसलेल्या प्रत्येक सिग्नलचे बिल नागरिक पंपावर भरतात, हे पालिकेच्या सभागृहात कधी मांडले जात नाही. मात्र रस्ते खराब आहेत म्हणून सवय बदलण्यात अर्थ नाही, हा निष्कर्ष उलटा आहे. जिथे ब्रेक लावावाच लागणार आहे, तिथे तो आधी दिसलेला असणे जास्त मोलाचे.

एवढे करून वाचते किती? वर्षाला दहा हजार किलोमीटर आणि चौदाचे ॲव्हरेज धरले, तर सातशेवर लिटर लागतात. त्यात दहा-पंधरा टक्के वाचले, तर सात ते अकरा हजार रुपये. श्रीमंताला ते नगण्य वाटतील. हप्ते फेडत टॅक्सी चालवणाऱ्याला आणि सीएनजीच्या रांगेत तास घालवणाऱ्याला नाहीत. त्यांचे किलोमीटर आपल्या कितीतरी पट असतात. देशाच्या पातळीवर पाहिले तर आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो. म्हणूनच तेलाची चणचण भासली की जगभरची सरकारे आधी वेगाकडे वळतात. अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली, स्पेनने २०११ मध्ये काही महिने १२० ची मर्यादा ११० वर आणली, आणि युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सुचवलेल्या दहा उपायांत पहिला उपाय वेगमर्यादा ताशी १० किलोमीटरने उतरवण्याचा होता. विजेच्या गाड्या आल्या की प्रश्न मिटेल, असेही म्हटले जाते. ब्रेकच्या बाबतीत त्या खरेच सरस आहेत, कारण थांबताना बरीच ऊर्जा बॅटरीत परत जाते. सगळी मात्र जात नाही. आणि वाऱ्याला गाडी कशावर चालते याचे सोयरसुतक नसते. महामार्गावर १२० ने गेल्यावर चार्ज कसा झरझर उतरतो, हे विजेच्या गाडीवाल्याला पेट्रोलवाल्याच्या आधी कळते.

खरी अडचण अशी की खासगी मोटारवाल्याला स्वतःचा पाय दिसतच नाही. एसटीच्या आगारात ‘केपीटीएल’ ही रोजची भाषा आहे: दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर. तीच बस, तोच मार्ग असताना दोन चालकांच्या आकड्यांत फरक पडला, तर तो कशामुळे हे कोणाला सांगावे लागत नाही. मोटारीच्या जाहिरातीतला ॲव्हरेजचा आकडाही वेगळ्या अर्थाने हेच सांगतो. एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवून सेकंदासेकंदाला आखून दिलेल्या वेगाने चालवली जाते, कमाल ताशी ९० पर्यंत. ज्याच्या-त्याच्या मर्जीने चालवू दिली, तर कोणत्याच दोन गाड्यांची तुलना होऊ शकणार नाही, म्हणूनच चालकाची सवय चाचणीतून वजा केलेली असते. आपण तो आकडा विकत घेतो आणि वजा केलेली गोष्ट पुन्हा त्यात घालतो. एक दिवसाच्या शिकवणीने सवय टिकून बदलत नाही. बस आणि ट्रकचालकांच्या प्रशिक्षणाचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो आणि आकडा डोळ्यासमोर राहिला तरच टिकतो, हा अनेक देशांतला अनुभव आहे. म्हणून मोठे वाहनताफे बाळगणाऱ्या कंपन्यांनी चालकाला वेळेबरोबर ब्रेकचाही हिशेब दाखवावा. लायसन्सच्या चाचणीत आठचा आकडा काढणाऱ्या उमेदवाराने रस्त्यावर किती वेळा विनाकारण ब्रेक दाबला, हे परीक्षकाने मोजायला हरकत नाही. त्याला यंत्र नव्हे, कागद-पेन्सिल लागते.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर क्षणाक्षणाचे ॲव्हरेज दिसते, पण ते जरा लबाड असते. त्यापेक्षा टाकी फुल करून टाकी फुल होईपर्यंतचा जुना हिशेब बरा. पंप तोच, टायरांतली हवा तपासलेली, रस्ता रोजचाच. एक टाकी नेहमीसारखी चालवून संपवावी. दुसऱ्या टाकीला फक्त ब्रेक कमी लागेल अशा बेताने चालवावी, बाकी काही बदलू नये. दोन्ही टाक्यांत ई-२० च असेल, त्यामुळे जो फरक निघेल त्यात इथेनॉलचा हात नसेल. तो आकडा हाताशी असला, की मंत्रालयाच्या तीन ते सहा टक्क्यांवर भांडायलाही जास्त जोर येईल.